हुमणीवरचे मित्र सूत्रकृमी: घरी नेल्यावर कुठे आणि किती दिवस ठेवायचे

हुमणीसाठी नोंदवलेला मित्र सूत्रकृमींचा माल येत्या आठवड्यात केंद्रावर येतोय. ज्यांनी नोंदणी केली आहे त्यांनी पाकीट नेण्याआधी हा मेसेज पूर्ण वाचावा. लांबलाय खरा, पण या औषधाचं (औषध म्हणायचं म्हणून म्हणतो) नशीब शेतात जाण्याआधी घरातच ठरतं.

परवा वांगणीकडच्या एका सभासदांचा फोन आला. मागच्या पावसाळ्यातलं उरलेलं अर्धं पाकीट सापडलं. पत्र्याच्या खोलीत, युरियाच्या गोणीवर, तोंड दुमडून रबर लावलेलं. "पावडर कोरडी आहे, वास नाही, गुठळी नाही. वापरू का?" त्यांना सांगितलं तेच सगळ्यांना सांगतो: नका वापरू दादा. त्या पाकिटात आता नुसती पावडर उरली आहे. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे पत्र्याखाली माणसाला बसवत नाही, तिथे अर्ध्या मिलिमीटरचा जीव वर्षभर कसा टिकणार?

अडचण अशी की मेलेलं पाकीट आणि जिवंत पाकीट दिसायला सारखंच असतं. युरियाला पाणी सुटलं तर कळतं, बियाण्याला टोका लागला तर कळतं. इथे काहीच कळत नाही. शेतकरी पैसे घालतो, संध्याकाळी पंप पाठीवर घेतो, आणि महिन्याभराने रोप उपटलं तर मुळाशी हुमणी तशीच जाडजूड. मग म्हणतो, जैविक काही चालत नाही बुवा. पुढच्या वर्षी परत क्लोरपायरीफॉस. त्याच्या पंपात फक्त पावडरीचं पाणी होतं, हे त्याला कुणी सांगतच नाही.

*आधी एक गैरसमज*

भेंडी, काकडी, वांगी करणाऱ्यांना सूत्रकृमी म्हटलं की मुळावरच्या गाठी आठवतात, आणि ते बरोबरच आहे. म्हारळ-वरप-कांब्याच्या नदीकाठच्या भाजीवाल्यांना तर हा त्रास चांगलाच माहीत आहे. पण गाठी करणारे सूत्रकृमी वेगळे आणि आपण आणतोय ते वेगळे. आपले झाडाला तोंडही लावत नाहीत. त्यांना फक्त किडा लागतो, तोही बहुतेक करून जमिनीत राहणारा. गांडुळाला, गुराढोरांना, माणसाला, पिकाला त्यांच्यापासून त्रास नाही.

हे काम कसं करतात तेही थोडक्यात सांगतो, कारण साठवणीचे सगळे नियम त्यातूनच येतात. जमिनीत सोडल्यावर हा जीव मातीतल्या ओलीतून सरकत हुमणी शोधतो. तिच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासाच्या छिद्रांतून आत शिरतो. त्याच्या पोटात एक जिवाणू असतो, तो हुमणीच्या रक्तात सोडतो. हुमणी साधारण एक-दोन दिवसांत मरते, मोठी असेल तर जरा जास्त वेळ लागतो. मग सूत्रकृमी तिच्यातच वाढतात, पिल्लावळ होते आणि आठवडा-दोन आठवड्यांनी हजारोंनी, कधी लाखांनी नवे बाहेर पडून पुढची हुमणी शोधायला निघतात.

पाकिटात जे असतात ते याच 'शोधायला निघालेल्या' अवस्थेतले. या अवस्थेत त्यांचं तोंड बंद असतं. ते काहीही खात नाहीत. हुमणी सापडेपर्यंत अंगातल्या चरबीवर जगायचं, बस्स. पंढरीला निघालेल्या माणसाने घरून शिदोरी बांधून घ्यावी आणि वाटेत कुठे अन्नाचा कण मिळू नये, तसं. गारव्यात तो जीव निपचित पडून राहतो, शिदोरी शिल्लक राहते. उष्णता वाढली की त्याची हालचाल वाढते आणि शिदोरी भराभर संपते. घरात उकाड्यात काढलेला प्रत्येक दिवस तो या चरबीतून भरतो.

म्हणून पाकिटावरची मुदत ही थंड जागेत ठेवल्यास, अशा अटीची असते. आणि अजून एक: शिदोरी संपत आलेला सूत्रकृमी भिंगाखाली वळवळताना दिसेलही, पण शेतात जाऊन हुमणीपर्यंत पोचण्याचं आणि तिच्या अंगात शिरण्याचं बळ त्याच्यात नसतं. तेव्हा जिवंत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ताजा आहे का ते बघा.

*पाकिटावरचं नाव वाचा, मग जागा ठरवा*

बाजारात मुख्यतः दोन घराणी मिळतात. एक हेटेरोऱ्हॅब्डायटिस, दुसरं स्टायनरनेमा. नावं अवघड आहेत, पण पाकिटावर छापलेली असतात, फोटो काढून आम्हाला पाठवलात तरी चालेल. हे का महत्त्वाचं? कारण दोघांना मानवणारा गारवा वेगवेगळा आहे.

आपण मागवलेला माल *हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका* या जातीचा आहे. हा इथलाच. तामिळनाडूत कोईमतूरच्या उसाच्या पट्ट्यात सापडलेल्या या जातीचं वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि तिच्या नावातच 'इंडिका' आलं. त्याआधी आपल्या देशात परदेशातून आणलेल्या सूत्रकृमींचे प्रयोग झाले होते, पण त्यांना आपली उष्णता फारशी मानवली नाही. इंडिकाला मानवते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेने, या जातीची पाण्यात मिसळणारी पावडर तयार केली आणि ते तंत्र खासगी उत्पादकांना दिलं. कर्नाटकात सुपारीच्या मुळातल्या हुमणीवर आणि उसातल्या हुमणीवर ती वापरली जाते.

आता यातली गंमत बघा. उष्ण देशातला असल्याने इंडिकाला फार थंडी सोसत नाही. घरच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ४-५ अंश असतात. दूध-दह्याला ते ठीक, पण इंडिकाला ती थंडी बाधते. काळजीपोटी फ्रिजमध्ये ठेवलेलं पाकीट काळजीपोटीच मरतं. द्रवात किंवा स्पंजवर आलेल्या इंडिकाला १५ अंशांच्या आसपासचा गारवा चांगला.

स्टायनरनेमा कार्पोकॅप्सी नावाचा दुसरा प्रकार कुणी बाहेरून आणला तर त्याचं उलटं आहे. तो थंड हवेचा गडी, त्याला फ्रिजचे ५ ते ८ अंश चालतात. म्हणजे शेजाऱ्याने फ्रिजमध्ये ठेवून चांगला रिझल्ट आला म्हणून तुम्हीही ठेवायचं, असं करू नका. त्याचं पाकीट वेगळं असू शकतं.

बर्फाच्या कप्प्यात मात्र कोणताच ठेवायचा नाही. गोठला की संपला.

*पावडर, स्पंज, द्रव*

पावडरीत सूत्रकृमींना ओल बेताची दिलेली असते, त्यामुळे ते अर्धवट झोपेत असतात. म्हणून पावडर इतरांपेक्षा जास्त टिकते आणि तिला फ्रिजची गरज नाही. घरातली सगळ्यात गार खोली निवडा. स्लॅबच्या घरात तळमजल्याची, पश्चिमेचं ऊन न लागणारी. कौलारू घर असेल तर माजघर उत्तम, जुन्या माणसांनी ते गार राहावं असंच बांधलंय. पाकीट फडताळात वरती नको, खाली जमिनीलगत ठेवा. गरम हवा वर जाते, खालचा कप्पा त्यामानाने गार असतो. जमीन ओली होत असेल तर खाली पाट किंवा लाकडी फळी.

स्पंजवर किंवा द्रवात आलेले सूत्रकृमी जागे असतात, त्यांची शिदोरी लवकर संपते. ते आले की शक्यतो त्याच आठवड्यात वापरून टाका. दोन-चार दिवस ठेवायची वेळ आलीच तर फ्रिजचं बटण सगळ्यात कमी थंडीवर आणा आणि भाजीच्या खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळून ठेवा. तिथे वरच्यापेक्षा तापमान थोडं जास्त असतं. नेमकं किती ते अंदाजाने सांगू नका. फ्रिजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर उल्हासनगर-कल्याणच्या दुकानात स्वस्तात मिळतो, तो आणून बघा. आमच्या मते दहा सभासदांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

केरळात वेलचीच्या बागांत आणखी एक पद्धत आहे. प्रयोगशाळेत मेणकिड्याच्या अळ्यांना सूत्रकृमी लावतात आणि त्या मेलेल्या अळ्याच झाडाच्या मुळाशी पुरतात. आपल्याकडे तसा माल सध्या येत नाही. कधी आला तर एवढंच लक्षात ठेवा की त्या अळ्या साठवायच्या नसतात, आल्या की पुरायच्या.

*हवा, ऊन आणि औषधांची खोली*

हा जीव श्वास घेतो. पाकीट किंवा डबा जसा आला तसाच ठेवा. बरणीत ओतून झाकण घट्ट लावणं, प्लॅस्टिकच्या दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारणं, ही काळजी त्याचा गळा दाबते. पाकिटावर बारीक भोकं दिसली तर ती उंदराने पाडलेली नाहीत, हवेसाठी आहेत. त्यावर चिकटपट्टी लावू नका. (हसू नका, असं होतं.)

उन्हात थोड्याच वेळात मरतो. मोटारसायकलच्या डिकीत, टेम्पोच्या काचेमागे, ओट्यावर 'जरा वेळ' ठेवलेलं पाकीट म्हणजे गेलेलं पाकीट.

फवारणीची औषधं, तणनाशकं, रॉकेल, डिझेल असलेल्या खोलीत ठेवू नका. बंद खोलीत औषधांच्या वाफा असतात आणि एखाद्या बाटलीचं झाकण गळतं. खताच्या गोण्यांवरही नको. आणि फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर पाकीट वेगळ्या डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरांत 'शेतीचं आहे, खायचं नाही'. विषारी नसलं तरी घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात, आणि घरातल्या ताईंना न सांगता त्यांच्या फ्रिजमध्ये काही ठेवू नये.

*लाइट गेली तर*

आपल्याकडचा पेच असा की हुमणीवर हे सोडायची योग्य वेळ आणि लाइट जायची वेळ एकच, भर पावसाळा. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर येऊन महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती, ते सगळ्यांना आठवत असेल. रस्ते बंद, रेल्वे बंद. अशा दिवसांत पाकीट घरात असेल तर शेतात जाता येत नाही आणि फ्रिजचाही भरवसा नाही.

स्पंज किंवा द्रव असेल तर मासळीवाल्यांकडे मिळतो तसा थर्माकोलचा खोका घरात असू द्या. रिकामा चांगला धुऊन घ्या. पाण्याच्या दोन बाटल्या बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवा. लाइट गेली की पहिले काही तास फ्रिजचं दार उघडू नका, आतला गारवा टिकतो. त्याहून जास्त लांबलं तर पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवा आणि गोठलेली बाटली फडक्यात बांधून खोक्याच्या दुसऱ्या टोकाला. बर्फ पाकिटाला चिकटता कामा नये. झाकण किंचित तिरकं, म्हणजे हवा जाईल.

पावडर असेल तर काही करायची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घरात २७-२८ अंश असतात, तिला ते काही दिवस चालतात. खरी भीती एप्रिल-मेची आणि ऑक्टोबर हिटची. म्हणून आम्ही उन्हाळ्यात हा माल मागवतच नाही, कितीही सवलत मिळत असली तरी.

कुणीतरी विचारलं होतं की माठाच्या गारव्यात ठेवलं तर? कल्पना चांगली आहे. माठ किंवा विटा-वाळूचा ओला शीतकक्ष कोरड्या हवेत छान काम करतो. पण पावसाळ्यात आपली हवा आधीच पाण्याने भरलेली असते, माठाचं पाणी उडत नाही, त्यामुळे गारवाही येत नाही. ज्या महिन्यांत माठ चालतो त्या महिन्यांत हा माल आपल्याला नको असतो.

*केंद्रावरून घरी*

गाडी केंद्रावर दुपारनंतर येईल. सकाळी येऊन बसू नका. संध्याकाळी पाचनंतर न्यायला या, येताना एक कापडी पिशवी आणि जुनं वर्तमानपत्र आणा. एरंजाड, सोनिवली, चामटोलीकडचे सभासद आपापसांत ठरवून एकाने सगळ्यांचं नेलं तरी चालेल, पण त्याने ते रात्रीच वाटून टाकावं. 'उद्या येऊन घेऊन जा' म्हणत चार दिवस ओट्यावर पडलेलं पाकीट आम्ही बदलून देणार नाही.

*जिवंत आहे का, घरीच बघा*

हे काम अवघड नाही आणि प्रत्येकाने करावं. केंद्रावर आम्ही प्रत्येक लॉटमधून बघतोच, पण तुमच्या घरात चार दिवस राहिल्यावर काय झालं ते तुम्हालाच कळणार.

पहिली रीत भिंगाची. काळ्या किंवा गडद रंगाच्या ताटलीत चमचाभर स्वच्छ पाणी घ्या. विहिरीचं चालेल, नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवलेलं. चिमूटभर पावडर टाका, हलवा आणि अर्धा तास थांबा. झोपेतून जागं व्हायला वेळ लागतो, लगेच बघून मेले म्हणू नका. मग बाजूने टॉर्च मारा आणि १० पट दाखवणाऱ्या भिंगातून किंवा मोबाइलला लावायच्या छोट्या लेन्समधून बघा. बारीक पांढऱ्या धाग्यासारखे दिसतील. वळलेला, वळवळणारा तो जिवंत. सुईसारखा ताठ सरळ आणि न हलणारा तो मेलेला. वेगवेगळ्या जागचे मिळून ५० मोजा. ४० किंवा जास्त हलताना दिसले तर माल उत्तम. २५ ते ४० असतील तर मात्रा वाढवावी लागेल, आम्हाला फोन करा. २५ पेक्षा कमी असतील तर पंपात घालूच नका.

दुसरी रीत चहाच्या गाळणीची. पावडरीचा गढूळपणा असला की भिंगातून नीट दिसत नाही, तेव्हा ही बरी. गाळणीत टिश्यू पेपर पसरा, त्यावर चमचाभर पावडर. गाळणी वाटीवर अशी ठेवा की वाटीतलं पाणी कागदाला खालून टेकेल. रात्रभर राहू द्या. जिवंत सूत्रकृमी कागदातून वळवळत खाली पाण्यात उतरतात, मेलेले वरच राहतात. सकाळी वाटीच्या तळाचे काही थेंब ताटलीत घेऊन बघा. किती टक्के जिवंत ते यातून कळत नाही, पण आहेत की नाहीत ते स्वच्छ कळतं. ती गाळणी परत चहाला वापरू नका, जुनी घ्या.

तिसरी रीत सगळ्यात खात्रीची, कारण ती ताकद दाखवते. शेतातून पाच-सहा हुमण्या खणून आणा. झाकणाला भोकं असलेल्या डब्यात ओलसर माती घाला, पिळली तर पाणी निघू नये इतपत ओली. तयार पाणी थोडं शिंपडा, हुमण्या सोडा, सावलीत ठेवा. तीन ते पाच दिवसांनी बघा. इंडिकाने मारलेली हुमणी विटकरी-लाल होते, मऊ पडते, पण कुजल्याची घाण येत नाही. काळी पडून दुर्गंधी आली तर ती दुसऱ्या कशाने मेली. अंगावर हिरवी भुकटी आली तर ते मेटारायझियम बुरशीचं काम, तीही आपल्या बाजूचीच. आणि एक नवल: लाल पडलेली ताजी हुमणी पूर्ण अंधाऱ्या खोलीत नेऊन डोळे सरावेपर्यंत बघत बसा. कधीकधी ती अगदी मंद उजळताना दिसते. सूत्रकृमीच्या पोटातला तो जिवाणू प्रकाश देणारा आहे. पोरांना नक्की दाखवा.

*पाणी घातलं की साठवण संपली*

पावडर एकदा भिजवली की परत ठेवायची नाही. जेवढी त्या संध्याकाळी लागेल तेवढीच भिजवा. बादलीत तयार केलेलं पाणी तसंच ठेवलं की सूत्रकृमी तळाला बसतात, एकावर एक थर होतो आणि हवा न मिळून गुदमरतात. कालवल्यापासून दोन-तीन तासांत जमिनीत गेले पाहिजेत, आणि तोवर अधूनमधून काठीने ढवळत राहा.

मात्रेचा हिशेब पाकिटावरच्या आकड्यावरून करा, किलोवरून नाही. शास्त्रीय शिफारस साधारण हेक्टरी २५० कोटी सूत्रकृमींची आहे. म्हणजे एकराला १०० कोटी, गुंठ्याला अडीच कोटी. समजा पाकिटावर १० कोटी लिहिलंय, तर ते पाकीट चार गुंठ्यांचं. एका एकराला एक पाकीट पुरतं असं कुणी विकणारा सांगत असेल तर त्याला पाकिटावरचा आकडा वाचून दाखवायला सांगा.

पंप आदल्या फवारणीचा असेल तर साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा. आतली बारीक जाळी आणि नोझल काढून टाका, सूत्रकृमी त्यात अडकतात. झाडाच्या बुडाशी ओता, पानावर मारून उपयोग नाही. वेळ संध्याकाळची. जमीन आधी ओली हवी आणि नंतरही आठवडाभर ओल टिकली पाहिजे. सूत्रकृमीनाशक औषध दिलेल्या किंवा द्यायच्या जागेत हे सोडू नका, ते औषध मित्र-शत्रू ओळखत नाही.

*कधी आणि कुठे, हे ठरवूनच पाकीट न्या*

वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात, मग ते जमिनीत अंडी घालतात. जुलै-ऑगस्टमध्ये हुमणी लहान असते, तेव्हाच ती यांना सहज सापडते आणि मरते. सप्टेंबरनंतरची बोटाएवढी हुमणी दाद देत नाही. पण जुलैत आपल्याकडे असाही पाऊस पडतो की बांधावरून पाणी वाहतं आणि सोडलेलं सगळं उल्हास नदीत जातं. तेव्हा दोन-तीन दिवस उघडीप दिसली की सोडा. हवामानाचा अंदाज आम्ही रोज संध्याकाळी याच नंबरवरून टाकतो.

वरकस जमिनीवरचा भुईमूग, हळद-आलं, सुपारी, आंबा-काजूची दोन-तीन वर्षांची कलमं, रोपवाटिकेच्या पिशव्या आणि फार्महाउसचं लॉन, इथे याचा उपयोग आहे. नदीकाठच्या पोयट्याच्या जमिनीत हे चांगले सरकतात, चिकट काळ्या मातीत कमी. पाणी भरलेल्या भातखाचरात नको. खोडकिडा, मावा, पिठ्या ढेकूण यांच्यासाठी तर आणूच नका, ते यांचं काम नाही.

लॉनचं काम करणाऱ्या सभासदांनी खास लक्ष द्यावं. गवत पिवळं पडून चटईसारखं हाताने उचलून आलं की खाली हुमणी आहे असं समजा. एक चौरस फूट खणून मोजा. एखाद-दुसरी असेल तर थांबा, चार-पाच असतील तर नोंदणी करा.

*नोंदणी*

उरलेल्या मालासाठी नवीन नोंदणी या शनिवारपर्यंत. मेसेजला उत्तर देताना चार गोष्टी लिहा: गाव, पीक, किती गुंठे, आणि कोणत्या दिवशी सोडणार. चौथी गोष्ट न लिहिणाऱ्यांना पाकीट मिळणार नाही, कारण आम्ही ते त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळीच तुमच्या हातात देणार आहोत. तोवर ते केंद्राच्या गार खोलीत राहील. नेल्यावर पाऊस लागून बेत बदलला तर पाकीट घरी ठेवून बसू नका, न फोडता दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत आणून द्या. नाव लिहून बाजूला ठेवू, उघडीप झाली की परत न्या.